घरोघरचा पहारा

शब्दांचा प्रवास मोठा गमतीचा असतो. 'मायनिंग' हा शब्द आम्ही शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचला तो कोळसा आणि लोखंड यांच्या संदर्भात. कुदळ, सुरुंग, काळवंडलेले चेहरे असे चित्र त्यासरशी डोळ्यांपुढे उभे राहत असे. आज आमच्या धर्मग्रामातली पंचविशीतली मुले तोच शब्द उच्चारतात, तेव्हा त्यांच्या मनात एक लहानशी पेटी असते. तिला दोन-चार पंखे असतात, ती रात्रंदिवस घोंघावते, वीज खाते आणि कुणाच्या नजरेस न पडणारी नाणी 'उपसते', असा सार्वत्रिक समज आहे. खरे पाहता येथे काहीच उपसले जात नाही. चालते ते राखणीचे काम आणि राखणदाराला जो मोबदला मिळतो त्यालाच लोक खाण समजून बसले आहेत. या एका शब्दाच्या घोटाळ्यातून काही घरांत बरेच गैरसमज शिरले आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

धर्मगुरूने या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. परंतु हा मुळात नोंदवह्यांचा विषय आहे, आणि नोंदवह्या हा आमच्या रोजच्या कामाचा भाग. एखाद्या मुलाचा स्नानसंस्कार एका धर्मग्रामात होतो आणि पुढे त्याचे लग्न दुसऱ्या धर्मग्रामात लागते. लग्नाची नोंद तेथील विवाहाच्या वहीत होतेच. पण तिचे पत्र स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामाकडेही जाते आणि तेथील वहीत, त्या मुलाच्या जुन्या नोंदीच्या समासात, विवाहाचा दिनांक व स्थळ लिहिले जाते. तोच मनुष्य उद्या तिसऱ्या ठिकाणी पुन्हा बोहल्यावर चढू पाहील, तर तेथला धर्मगुरू आधी स्नानसंस्काराचा ताजा दाखला मागतो आणि पितळ उघडे पडते. मूळ नोंद कुणी खोडत नाही. तिच्यापुढे नवी नोंद वाढत जाते. एकाच कागदावर, एकाच कपाटावर, एकाच माणसावर भिस्त ठेवायची नाही, ही त्यामागची योजना. संगणकातील पैशालाही नेमका हाच रोग जडलेला असतो. त्याला दुबार खर्च म्हणतात.

शंभराची नोट मी दुकानदाराला दिली की ती माझ्या हातून जाते. संगणकातील अक्षरांचे तसे नाही. त्यांची हवी तितकी नक्कल काढता येते. म्हणून अशा पैशाला आजवर कुणीतरी एक हिशेबनीस लागत आला, म्हणजे बँक. तिच्या खतावणीत माझ्या नावावरून रक्कम उतरते, दुकानदाराच्या नावावर चढते, आणि तिने लिहिले ते खरे मानले जाते. आमच्या वसईत १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पतपेढी उभी राहिली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. हिशेब कोण लिहितो, तो कुणाचा मुलगा, हे तेव्हा गावाला ठाऊक होते. जेथे एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, तेथे ती खतावणी कुणी लिहावी?

या प्रश्नाचे एक उत्तर ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांच्या एका निबंधातून जगापुढे आले. लेखकाने नाव दिले होते सातोशी नाकामोतो. हा मनुष्य कोण, एक की अनेक, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळली होती आणि बँकांवरील विश्वासाला तडे गेले होते. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉईनच्या खतावणीचे पहिले पान लिहिले गेले. त्यात नाकामोतो यांनी लंडनच्या 'द टाइम्स'चा त्या दिवशीचा मथळा गुंफून ठेवला आहे. बँकांना सरकारने पुन्हा सावरण्यासंबंधीचा तो मथळा होता.

योजना अशी. खतावणी एकाजवळ न ठेवता हजारो संगणकांवर ठेवायची. प्रत्येक व्यवहार सर्वांना कळवायचा. सुमारे दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचे एक पान, म्हणजेच ब्लॉक, बांधायचे आणि ते सर्वांनी आपापल्या प्रतीला जोडून घ्यायचे. पण हे पान बांधण्याचा अधिकार कुणाला? मतदान घ्यावे, तर संगणकाच्या जगात एकच लबाड मनुष्य हजार खोटी नावे धारण करून हजार मते टाकील. म्हणून मत डोक्यांवर न मोजता श्रमावर मोजायचे ठरले.

ही कल्पना नाकामोतो यांचीच होती असे मात्र नाही. १९९२ साली सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संशोधकांनी नको असलेल्या ई-मेलवर एक तोडगा सुचवला होता. पत्र पाठवणाऱ्याच्या संगणकाने आधी थोडे आकडेमोडीचे कष्ट करावेत. एक पत्र पाठवणाऱ्याला ते जाणवणार नाहीत, लाखो पत्रे सोडणाऱ्याचे मात्र कंबरडे मोडेल. १९९७ साली अॅडम बॅक यांनी 'हॅशकॅश' नावाने असाच उपाय प्रत्यक्षात आणला. बिटकॉईनने तोच श्रम पहाऱ्याला जुंपला. कोणताही मजकूर घेऊन त्याचा ठराविक लांबीचा एक आकडी ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो, आणि ठशावरून मजकूर शोधून काढणे अशक्यप्राय असते. पानाच्या मजकुराला एखादी संख्या जोडून असा ठसा मिळवायचा की तो ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान असेल. ती संख्या हुडकण्याची युक्ती नाही. अब्जावधी वेळा फासे टाकत बसणे एवढाच मार्ग. सापडली की पडताळणी मात्र क्षणात होते. शिवाय प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. म्हणून एखादे जुने पान बदलू पाहणाऱ्याला त्याच्या पुढच्या साऱ्या पानांचे श्रम पुन्हा करावे लागतात, आणि तेही बाकीचे सारे जग पुढे धावत असताना.

या श्रमाचे बक्षीस आरंभी दर पानामागे ५० बिटकॉईन होते. सुमारे चार वर्षांनी ते निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. श्रम करणारी यंत्रे वाढली की कोडेही अवघड होते. दर २०१६ पानांनंतर त्याची काठिण्यपातळी नव्याने ठरते. त्यामुळे यंत्रे दुप्पट झाली म्हणून नाणी दुप्पट निघत नाहीत. पहारा तेवढा दुप्पट कडक होतो.

आता घराकडे वळू. २००९ साली हे काम कुणाच्याही टेबलावरील साध्या संगणकावर होत असे. २०१० मध्ये चित्रखेळांसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डे या कामात कितीतरी वेगवान ठरतात, हे ध्यानात आले. २०१३ पासून केवळ हीच आकडेमोड जाणणाऱ्या, इतर कशाच्याही उपयोगी नसणाऱ्या चिप बाजारात आल्या आणि घरचा संगणक शर्यतीतून बाद झाला. जेथे वीज स्वस्त तेथे मोठमोठ्या शेडी उभ्या राहिल्या. चीनमध्ये त्यांची एवढी दाटी झाली की २०२१ साली तेथील सरकारने बंदी घातली, तेव्हा जगातील या एकूण गणनशक्तीपैकी निम्मी काही आठवड्यांत मावळली. खतावणी मात्र थांबली नाही. काठिण्यपातळी उतरली, यंत्रे बोटींत भरून इतर देशांत गेली आणि पाने पूर्ववत जुळत राहिली. विकेंद्रीकरणाचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

तथापि खरा धोका शेडींच्या आकारापेक्षा दुसरीकडे आहे. एकट्या घरगुती यंत्राला बक्षीस लागण्याचा संभव इतका थोडा की लोक एकत्र येऊन श्रम करू लागले. अशा जुटीला 'पूल' म्हणतात. बक्षीस कुणालाही लागो, ज्याच्या त्याच्या श्रमाप्रमाणे वाटून घ्यायचे. व्यवस्था न्याय्य आहे. पण बहुतेक पुलांत पानावर कोणते व्यवहार लिहायचे, ते कोणत्या पानाला जोडायचे, हे पुलाचा चालक ठरवतो. घरातले यंत्र फक्त फासे टाकते. गावात चोरांची आवई उठली की तरुण मंडळी पाळीपाळीने गस्त घालतात. समजा, प्रत्येक घरच्या गड्याने आपला कंदील आणि काठी एकाच पुढाऱ्याच्या स्वाधीन केली आणि त्याने म्हणावे तिकडेच पाहायचे ठरवले, तर गस्तीला माणसे शंभर असूनही डोळे एकाचेच उरले. निम्म्याहून अधिक श्रम एका हाती गेला की तो हात आपला नुकताच केलेला खर्च मागे फिरवू शकतो, म्हणजे माल घेऊन पैसेही परत खिशात, आणि इतरांचे व्यवहार अडवू शकतो. दुसऱ्याची नाणी त्याला गुप्त किल्लीवाचून उचलता येत नाहीत, किंवा नियमाबाहेर नवी पाडता येत नाहीत, हे खरे. पण ज्या खतावणीतील कालची ओळ आज नाहीशी होऊ शकते, तिच्यावर कोण विसंबेल?

हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. जून २०१४ मध्ये जीहॅश डॉट आयओ या एका पुलाकडे बिटकॉईनचा सुमारे निम्मा श्रम गोळा झाला. सभासदांत चलबिचल झाली, पुष्कळांनी आपापली यंत्रे दुसरीकडे वळवली आणि संकट टळले. कुणी हुकूम सोडला नव्हता. इथेरियम क्लासिक या लहान नाण्याच्या नशिबी तसे भाग्य नव्हते. त्याचा पहाराच इतका विरळ होता की तेवढी गणनशक्ती बाजारात भाड्याने मिळू शकत होती. ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात त्याच्या खतावणीवर तीनदा घाला पडला. मला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण मात्र मोनेरोचे वाटते. हे नाणे मुद्दाम घरगुती संगणकांसाठी राखलेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने 'रँडमएक्स' ही पद्धत स्वीकारली; तीत खास चिपांना फारसा लाभ मिळत नाही आणि साधा संगणकही पहाऱ्यावर उभा राहू शकतो. २०२५ साली क्युबिक नावाच्या एका गटाने वर थोडा जास्त मोबदला देऊ केला. घरोघरचे संगणक तिकडे वळले. ऑगस्टमध्ये त्या गटाने बहुसंख्य श्रम आपल्या हाती आल्याचा दावा केला, मोनेरोची सहा पाने उलटली गेली, आणि सप्टेंबरात अठरा. यंत्रे घरांतच होती. कुणी ती चोरून नेली नव्हती. चार पैसे अधिक मिळतात म्हणून मालकांनीच ती तिकडे लावली होती.

हे सारे मला एका विशिष्ट घरासाठी समजून घ्यावे लागले. घर आमच्याच धर्मग्रामातले. वडील बोटीवर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या फंडाची रक्कम आईच्या नावे बँकेत आहे आणि तीतून मोठी मायनिंग यंत्रे आणावीत असा मुलाचा हट्ट. मुलगा व्यसनी नाही, उनाड नाही. अभियांत्रिकी शिकलेला, सरळ मनाचा आहे. आई म्हणाली, "फादर, मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा." मुलगा म्हणाला, "फादर, बँक बुडू शकते, एक्स्चेंज हॅक होऊ शकतो. यंत्र आपल्या घरात म्हणजे पैसा आपल्या घरात. याहून सुरक्षित काय?"

त्याच्या बोलण्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. २०१४ साली जपानमधील माउंट गॉक्स हा एक्स्चेंज बुडाला तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉईन गहाळ झाल्याचे सांगण्यात आले. जुलै २०२४ मध्ये आपल्या देशातील वझीरएक्सवर दरोडा पडून सुमारे तेवीस कोटी डॉलर किमतीची नाणी गेली. घरच्या यंत्राचा मोबदला थेट आपल्या वॉलेटमध्ये उतरवता येतो, तो असल्या कोठारात ठेवावा लागत नाही. 'घरी यंत्र नको, पैसे आमच्याकडे द्या, आम्ही तुमच्या वतीने मायनिंग करतो,' असे सांगणाऱ्यांपेक्षा तर तो कितीतरी शहाणा. पुणे पोलिसांपर्यंत २०१८ साली पोचलेले गेनबिटकॉईन प्रकरण याच आश्वासनाचे होते. त्यात दरमहा दहा टक्क्यांचे आमिष होते.

पण यंत्र घरात असणे आणि पैसा सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहारेकरी राखतो ते गाव. त्याची स्वतःची पेटी त्यामुळे बंद होत नाही. घरच्या मायनिंगने बळकट होते ती सर्वांची सामाईक खतावणी. आपली नाणी राखते ती गुप्त किल्ली, जी बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपाने कागदावर उतरवून ठेवतात. ते शब्द ज्याच्या हाती, नाणी त्याची. ते हरवले तर जगातील कोणतेही यंत्र, कोणताही न्यायाधीश ती परत देऊ शकत नाही. आपल्याला मिळालेले पैसे खरेच मिळाले का, हे दुसऱ्याच्या शब्दावर न विसंबता पाहायचे असेल, तर त्यालाही मायनिंग लागत नाही. खतावणीची पूर्ण प्रत ठेवणारा संगणक, ज्याला 'नोड' म्हणतात, तेवढा पुरतो. ही प्रत सहाशे जीबींहून मोठी आहे, पण साध्या संगणकात मावते, आणि तिला वीजही बेताचीच लागते. पहारेकरी आणि कारकून यांतला हा भेद मुलाला ठाऊक होता. आईला तो पहिल्यांदाच कळला.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याला हवे असलेले यंत्र सेकंदाला ११० लाख कोटी वेळा फासे टाकते आणि सव्वातीन हजार वॅट खाते. दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २,३४०. दहा रुपये दर धरला तरी महिन्याचे बिल २३,४००. साऱ्या जगाचा बिटकॉईनवरचा श्रम २०२५ मध्ये सेकंदाला एकावर एकवीस शून्ये इतक्या वेळांवर गेला. त्या मानाने या यंत्राचा वाटा नव्वद लाखांत एक. रोज सुमारे १४४ पाने, ४५० बिटकॉईन. त्यातला याचा हिस्सा, एका बिटकॉईनचा भाव लाख डॉलर आणि डॉलर ८५ रुपयांचा धरून, दिवसाला चारशे वीस रुपयांच्या आसपास. वीज ७८० रुपयांची. भाव चढेल, असे तो म्हणाला. चढेलही, पण मग यंत्रेही वाढतील आणि कोडेही अवघड होईल, हे त्यानेच मला समजावले होते. पुलाविना एकट्याने बसले, तर एक पान लाभायला सरासरी १७० वर्षांहून अधिक काळ लागेल. मिळकतीवर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट तीस टक्के कर आहे, आणि यंत्रसामग्रीवरचा खर्च त्यातून वजा होत नाही, असे सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले आहे. कारखान्यासारखा आवाज, जुन्या घरातील जुनी वायर आणि पावसाळ्यात जाणारी वीज यांचे गणित मांडायला आम्हांला कागदावर जागाच उरली नाही.

मुलगा बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग त्याने दुसरा पर्याय काढला. 'बिटॅक्स' नावाचे एक हाताच्या पंजाएवढे यंत्र आहे. त्याचा आराखडा कुणालाही पाहता येतो, बनवता येतो. ते सुमारे १७ वॅट खाते, म्हणजे महिन्याला बारा-तेरा युनिट. त्याला एकट्याला पान लाभण्याची सरासरी पंधरा हजार वर्षांपलीकडची. २०२४ साली अशाच एका छोट्या यंत्राला पान लागले, पण ती सोडत झाली. "मग ते कशाला घ्यायचं?" आईने विचारले. "पहाऱ्याला," तो म्हणाला. "पूल कोणता, तो काय लिहितो, ते मी बघीन. नाही पटलं तर सोडीन."

जगाची वीज अशा फाशांवर जाळावी का, हा प्रश्न मला अजूनही छळतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या दुसऱ्या मोठ्या नाण्याने श्रमाची पद्धत सोडली. तेथे आता पहारेकऱ्याला आपली नाणी तारण ठेवावी लागतात. लबाडी केली तर ती जप्त होतात. त्याची वीज नव्याण्णव टक्क्यांहून अधिक वाचली. पण एक घर एक पहारेकरी म्हणायचे, तर तारण ३२ इथरचे, म्हणजे कित्येक लाखांचे. दाराशी वीज मागणारा पहारा गेला आणि दाराशी भांडवल मागणारा आला. गरिबाच्या घराला त्यातला कोणता सोयीचा, हे त्या मुलाशी बोलताना आम्ही पुष्कळ घोळवले. बारा-तेरा युनिटांबद्दल मात्र मी त्याच्याशी वाद घातला नाही.

फंड बँकेतच राहिला. लहान यंत्र आले आहे. ते पंख्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. जुन्या लॅपटॉपवर मोठी डिस्क जोडून त्याने खतावणीची प्रतही उतरवून घेतली, तिला काही दिवस लागले. राहता राहिले ते चोवीस शब्द. तो कागद धर्मग्रामाच्या तिजोरीत ठेवा, असे आईने सुचवले. त्या तिजोरीच्या किल्ल्या माझ्याखेरीज आणखी दोघांकडे असतात आणि माझी बदली पुढच्या वर्षी ठरलेली आहे, हे मी त्यांना सांगितले. कागद ओलाव्याने जातो, म्हणून शब्द स्टीलच्या पत्र्यावर कोरावेत असे मुलाने ठरवले. आईला लगेच लग्नाच्या भांड्यांवर नावे घालणारा आठवला. बाजारात बसतो, अक्षर सुरेख काढतो. "आई, मग ते शब्द त्याचेही होतील," मुलगा म्हणाला. नावे घालण्याचे यंत्र त्याने दोन दिवसांसाठी भाड्याने आणले आणि दार लावून स्वतःच कोरत बसला. तिसरा शब्द चुकला म्हणून पहिला पत्रा टाकून द्यावा लागला. आईने तो कचऱ्यात न टाकता आधी करवतीने कापायला लावला.